कोलार्ड म्हणजे मेथी नव्हे: बी पेरताना या चुका टाळा

नॉर्थ कॅरोलायनात घर घेतलं की आपली मंडळी मागच्या अंगणात वाफा करतात, आणि इथली भाजी म्हणून कोलार्डचं पाकीट आणतात. मग सप्टेंबरात मला फोटो यायला लागतात. दाटीवाटीने उगवलेली पिवळट रोपं, आणि खाली प्रश्न: खत कमी पडलं का? खताचा काही संबंध नसतो. बी मेथीसारखं फोकलेलं असतं.

कोलार्ड कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी. बी थेट मोहरीसारखं, एका ग्रॅममध्ये दोनशेच्या वर दाणे. मेथी महिन्याभरात मुळासकट उपटायची, तिला दाटी चालते. कोलार्डचं झाड गुडघ्याच्या वर जातं आणि कित्येक महिने पानं देतं. दोन झाडांत 45 सेंटिमीटर अंतर लागतंच.

ओळखीच्या एका मावशींनी चार फुटी वाफ्यात अख्खं पाकीट फोकलं. विरळणी करा म्हटलं, तर म्हणाल्या, "उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही गं." मला त्यांचं मन कळतं, पण झाडाला ते कळत नाही. पुढे बघितलं तर पानं तळहाताएवढीही नव्हती, देठं काड्यांसारखी, आणि आत वारा खेळत नसल्याने पानांमागे माव्याचा राखाडी थर. त्यांनी वर युरिया घातला. नत्राने कोवळा पाला फुटला आणि माव्याचं आणखी फावलं. शेवटी सगळा वाफा उपटावा लागला, जे सुरुवातीला थोडंच करायचं होतं.

मी 45 सेंटिमीटरवर एकेका ठिकाणी तीन दाणे टाकते, सेंटिमीटरभर खोल. खरी पानं तीन-चार आली की सगळ्यात जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापते. उपटत नाही, कारण मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. कापलेली रोपं त्याच संध्याकाळी डाळीत जातात. वाया काही जात नाही.

दुसरी चूक वेळेची. टोमॅटोबरोबर मे महिन्यात कोलार्ड पेरायची घाई कशाला? उगवते, पण उन्हाळ्यात पानं चिवट आणि कडवट होतात, आणि मग लोक भाजीलाच नावं ठेवतात. राली-कॅरीच्या बाजूला जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरा. थंडी पडली की झाड गोठू नये म्हणून पानांत साखर साठवतं, म्हणून दंव पडून गेलेलं पान गोड लागतं. इथले लोक नवीन वर्षाच्या दिवशी चवळीबरोबर कोलार्ड खातात, तो तिचा खरा हंगाम. ऑगस्टच्या उन्हात माती सुकू नये म्हणून पेरलेल्या जागेवर ओलं गोणपाट टाकते आणि पहिला कोंब दिसला त्याच दिवशी काढते. उगवायला पाच ते दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, हात आवरा.

खिडकीत रोपं करू नका, उजेड कमी पडून ती लांबुडकी होतात आणि माना टाकतात. पाइपची धार थेट मारू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जातं. मागच्या हंगामात जिथे कोबी, मुळा किंवा मोहरी होती तो वाफा टाळा.

पांढरी फुलपाखरं बागडताना बघून खूश होऊ नका. ती पानांवर अंडी घालतात आणि हिरव्या अळ्या पानांची चाळण करतात. पहिल्या दिवसापासून बारीक जाळी घाला. अळ्या लहान असतील तर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंपासूनचं औषध) संध्याकाळी फवारा, पानांच्या मागच्या बाजूनेही.

आणि शेंडा खुडू नका. खालची मोठी पानं देठासकट तोडा, वरचा कोंब वाढत राहतो. अळूवडीसारखी वडी करायची असेल तर मधली जाड शीर सुरीने तासून घ्या. राज्याच्या पूर्वेला आयडन गावाच्या बाजूला पिवळसर 'कॅबेज कोलार्ड' लावतात. त्याची रोपं मिळाली तर जरूर आणा, पान कोवळं असतं आणि वडी वळताना फाटत नाही.