ठिबकमधला चुना: ॲसिड सोडण्याआधी बादलीत मोजा

रावेर-यावल पट्ट्यात ठिबकची कामं करतो, त्यामुळे एप्रिल लागला की फोन ठरलेला: "भाऊ, बागेच्या शेवटच्या ओळींना पाणीच जात नाही, नळ्या बदलून द्या." मी लगेच बदलू देत नाही. बंद पडलेल्या नळीचा वीतभर तुकडा कापा आणि उभा चिरा. ड्रिपरच्या आतल्या नागमोडी वाटेत पांढरट खपली दिसली, तर तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बुडबुडे नाहीत आणि बोटाला बुळबुळीत लागतंय, तर ते शेवाळ किंवा जिवाणूंचा थर. त्याला क्लोरीन लागतं, ॲसिडने भागत नाही.

"पाणी तर निवळशंख आहे, चुना आला कुठून?" असं हमखास विचारतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि तापीकाठच्या गाळातला चुना बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून ट्यूबवेलमध्ये आणतं. वर आलं की दाब सुटतो, काळी नळी आपल्या उन्हात तापते, वायू उडून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट ड्रिपरच्या तोंडाशी बसतं. फिल्टरमधून जाताना ते विरघळलेलंच असतं, म्हणून कितीही भारी सँड फिल्टर बसवा, ते अडत नाही.

चुना ॲसिडने विरघळतो. आता त्या ॲसिडचं मोजमाप. अंदाजाने कॅन ओतणारे खूप पाहिले, तसं करू नका. प्लास्टिकच्या बादलीत ट्यूबवेलचं १० लिटर पाणी घ्या. त्यात सुईविना सिरिंजने एकेक मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकत ढवळा आणि दर वेळी पीएच पट्टी बुडवा. सामू (पीएच) ४ वर आला की थांबा. समजा, ६ मिली लागलं.

मग सेक्शनचा, म्हणजे एका वेळी पाणी चालतं त्या भागाचा हिशोब. केळी ५ बाय ६ फुटांवर असेल तर एकरी साधारण १४५० झाडं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले, तर तासाला ११,६०० लिटर, म्हणजे १५ मिनिटांत २९०० लिटर पाणी. १० लिटरला ६ मिली, तर २९०० लिटरला १७४० मिली, पावणेदोन लिटर. तुमचे आकडे वेगळे येतील. शेजाऱ्याचे वापरू नका.

प्लास्टिकच्या ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही, अंगावर उसळतं. रबरी हातमोजे, चष्मा, वारा पाठीमागून. सालदाराला एकट्याला हे काम सोपवू नका. पंपाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह, धड आहे ना, तेही बघा, नाहीतर मधेच लाइट गेली की ॲसिड विहिरीत. सेक्शन पूर्ण दाबाने सुरू झाल्यावर व्हेंच्युरीने (ड्रममधलं पाणी ओढून नळीत सोडणारं साधन) १५ मिनिटांत सोडा. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली पट्टी धरा; तिथे ४ च्या आसपास आलं की पंप बंद करून २४ तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी आधी मेन (मुख्य पाइप), मग सबमेन (त्याचे फाटे), मग नळ्यांची टोकं उघडून धुवा. टोकातून पांढरा गाळ निघतो; पाणी नितळ येईपर्यंत टोक बंद करू नका.

बुळबुळीसाठी ब्लीचिंग पावडर वापरायची तर भिजवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणीच घ्या, कारण खालच्या साक्यात पुन्हा चुनाच असतो. ॲसिड आणि ब्लीचिंग एका ड्रममध्ये किंवा एकाच वेळी नळीत नको: क्लोरीन वायू निघतो आणि तो जीवघेणा आहे.

घरातल्यासारखा मिठाचा सॉफ्टनर शेतावर बसवू का, असंही काही जण विचारतात. बसवू नका. तो कॅल्शियम काढून सोडियम देतो आणि सोडियमने आपली काळी जमीन चिकटून घट्ट होते.

खतांचंही बघा. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरसचं किंवा सल्फेटचं खत एकत्र सोडलं, तर नळीतच साका बसतो. शंका असेल तर दोन्ही खतं त्याच पाण्यात बाटलीत कालवून तासभर ठेवा. पाणी दुधाळ झालं, तर एक आज आणि दुसरं परवा सोडा.