एक स्टारचा रिव्ह्यू आला, तर आधी काय करायचं?

रात्री साडेअकराला मोबाईल वाजतो: तुमच्या व्यवसायाला नवा रिव्ह्यू आला आहे. उघडून बघावं तर एकच स्टार. खाली मजकूर: "स्क्रीन बदलून घेतली, दोन दिवसांत पुन्हा काळी. फोन केला तर उचलत नाहीत. पैसे पाण्यात." वर्षानुवर्षं राबून दुरुस्तीचा धंदा उभा करावा आणि कोणीतरी दोन ओळींत त्यावर बोळा फिरवून मोकळं व्हावं! डोकं तापतं, अंगठे आपोआप कीबोर्डवर जातात.

धोका इथेच आहे. माझं मत विचाराल तर वाईट रिव्ह्यूपेक्षा मालकाचं तापलेलं उत्तरच धंद्याला जास्त बाधतं.

त्या रात्री एवढंच करा

स्क्रीनशॉट काढा. नाव, तारीख, पूर्ण मजकूर, सोबत फोटो असतील तर तेही. मग झोपा. मनातलं सगळं ओकून टाकायचंच असेल तर वहीत लिहा. ऑनलाइन टाकलेलं उत्तर नंतर बदलता किंवा काढता येतं हे खरं, पण तोवर कोणी त्याचाही स्क्रीनशॉट काढला असेल तर तो तुमच्या हातात राहत नाही.

सकाळी चौकशी, तीही आधी आपल्या घरात

बिल शोधा, कामाची नोंद बघा, व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज चाळा. त्या दिवशी काउंटरवर कोण होतं ते विचारा, पण आवाज न चढवता. झापलं की माणूस पुढच्या वेळी लपवायला शिकतो. मग स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा: तक्रार खरी आहे, गैरसमज आहे, की माणूस आपल्याकडे कधी आलाच नव्हता? पहिल्याच झटक्यात 'हे कोणा स्पर्धकाचं काम' असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

उत्तर कोणासाठी लिहायचं

ज्याने रिव्ह्यू लिहिला तो चिडून बसला आहे. त्याला जिंकायला जाऊ नका. तुमचं उत्तर वाचणार आहे तो तिसराच माणूस, जो दोन-तीन पर्याय समोर ठेवून कुणाकडे जावं हे ठरवतोय. मी स्वतः कुठलीही नवी सेवा घेताना आधी एक-दोन स्टारवालेच रिव्ह्यू उघडतो, आणि त्याहून आधी त्याखालचं उत्तर.

आता हे उत्तर बघा:

"तुम्ही स्वतःच मोबाईल पाण्यात पाडला होता, आमच्याकडे पुरावा आहे. दहा वर्षांत एकही तक्रार नाही. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांची आम्हाला गरज नाही."

यातलं अक्षर न् अक्षर खरं असेलही. तरी तिसऱ्या माणसाला एवढंच कळतं की इथे काही बिघडलं तर दोष आपल्याच गळ्यात पडणार. शिवाय गिऱ्हाइकाची माहिती चारचौघांत मांडली गेली. हे त्याचं बिल, पत्ता, आजार, पैसे थकवल्याची गोष्ट, सगळ्यालाच लागू. उत्तरात यातलं काहीही येता कामा नये.

तेच असं लिहिता येतं:

"नमस्कार. स्क्रीन दोन दिवसांत बंद पडली आणि फोनही उचलला गेला नाही, दोन्हीबद्दल माफ करा. मोबाईल घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर उघडून तपासू. दोष आमच्या कामात निघाला तर स्क्रीन बिनखर्चात बदलून देऊ. थेट माझ्याशी बोलायचं असेल तर प्रोफाइलवरच्या नंबरवर माझं नाव सांगा."

खाली मालकाचं नाव. तक्रार त्याच्याच शब्दांत आली, म्हणजे वाचून लिहिलंय हे कळतं. पाण्याचा उल्लेखही नाही, पण 'तुमच्यासमोर उघडून' या दोन शब्दांत तुमची बाजू सुरक्षित आहे. उत्तर चार-पाच ओळींच्या पुढे गेलं की ती कैफियत होते. आणि सगळीकडे एकच छापील 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' चिकटवणार असाल, तर काहीच न लिहिलेलं बरं.

पुढचं बोलणं फोनवर. काम निस्तरलं की "रिव्ह्यू काढून टाका" म्हणून मागे लागू नका. आता समाधान झालं असेल तर तसं लिहा, एवढं एकदा म्हणायला हरकत नाही. गूगलवर ग्राहकाला स्वतःचा रिव्ह्यू नंतर बदलता येतो. त्या बदलासाठी पैसे किंवा सवलत मात्र देऊ नका, ते नियमाबाहेर आहे.

खोटा असेल तर

नोंदीत सापडत नाही, तुम्ही देतच नाही त्या सेवेबद्दल लिहिलंय, किंवा एकाच दिवशी पाच-सहा अनोळखी खात्यांवरून तसाच मजकूर आला, तर रिपोर्ट करा. गूगलवर रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांत तो पर्याय असतो. कारण नेमकं निवडा: स्पॅम, शिवीगाळ, द्वेष, खासगी माहिती, हितसंबंध (म्हणजे स्पर्धकासारख्या स्वार्थ असलेल्या माणसाने लिहिलेलं), विषयाशी संबंध नसणं. निर्णयाला काही दिवस लागतात, आणि विरोधात गेला तर एकदा अपील करता येतं. 'हे खरं नाही' एवढ्यावर गूगल रिव्ह्यू काढत नाही, कारण गिऱ्हाईक आणि व्यावसायिक यांच्यातलं कोण खरं, याचा निवाडा ते करत नाहीत. म्हणून वाट बघत असतानाच शांतपणे लिहून ठेवा: "या वर्णनाचं काम आमच्या नोंदीत सापडत नाही. बिल नंबर कळवलात तर लगेच बघतो."

कोणी 'पैसे द्या, नाहीतर आणखी टाकतो' म्हणत असेल तर दमडी देऊ नका. मेसेज जपून ठेवा, रिपोर्ट करा, पोलिसांत जा.

वकिलाची नोटीस अगदी शेवटी. 2003 मध्ये गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी किनाऱ्यावरच्या आपल्या घराच्या, एका संकेतस्थळावर असलेल्या फोटोवरून खटला भरला. तोवर तो फोटो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातही दोनदा त्यांच्याच वकिलांनी. बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोकांनी ते संकेतस्थळ पाहिलं. धमकावणीचंही तसंच. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या हॉटेलने वाईट रिव्ह्यूमागे 500 डॉलर कापण्याचा नियम केला होता. 2014 मध्ये तो उजेडात आला आणि संतापलेल्या लोकांनी त्याच्यावर एक स्टारचा पाऊस पाडला.

स्टारचं गणित

तुमचे एकूण दहाच रिव्ह्यू असतील, नऊ पाच स्टारचे आणि एक एक स्टारचा, तर सरासरी 4.6. आणखी तीस पाच स्टार आले की 4.9. म्हणजे तो एक पुसण्यात शक्ती घालवण्यापेक्षा खऱ्या गिऱ्हाइकांना लिहायला सांगणं सोपं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. येल्प या तिथल्या रिव्ह्यूच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढत होतं, पण हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नाही. मोठं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं, लहानाला स्टारच ओळख देतात.

मागायचं कधी? काम हातात घेऊन माणूस खूश होऊन निघतो तेव्हा. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो काउंटरवर लावा. पण मागायचं तर सगळ्यांकडे मागा. खूश दिसणाऱ्यांनाच लिंक देणं गूगलला चालत नाही, रिव्ह्यूच्या बदल्यात सवलतही नाही. येल्पला तर मागणंच मान्य नाही. भाऊ, मेहुणा, शेजारी यांच्याकडून लिहून घेण्याचा मोह टाळा. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून खोटे रिव्ह्यू विकत घेण्या-विकण्यावर थेट दंडाची तरतूद लागू झाली आहे. आणि कायदा राहू द्या, एकाच आठवड्यात आलेली 'अप्रतिम सेवा'ची वीस वाक्यं वाचणाऱ्यालाही ओळखता येतात.

तक्रारींची वही

प्रत्येक तक्रार एका ओळीत लिहून ठेवा: तारीख, काय बिघडलं, कोणाच्या हातून. एकच गोष्ट तिसऱ्यांदा दिसली तर ती रिव्ह्यूची अडचण नाही, कामाची आहे.

आपल्या उदाहरणातही स्क्रीनपेक्षा 'फोन उचलत नाहीत' हे जास्त झोंबणारं होतं. म्हणून आज एक करा. प्रोफाइलवर दिलेला तुमचाच नंबर दुसऱ्या फोनवरून लावून बघा. कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, की तो केव्हाच बदललेला जुना नंबर आहे?