वाढ्यांच्या दिवसांत गायीचं कोटीपोट सांभाळा

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरकडच्या गव्हाणी एका रात्रीत बदलतात. काल मका आणि मुरघास खाणारी गाय आज नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर येते. फडावर वाढे स्वस्तात मिळतात, मोह होणारच. पण आठवडाभरात दूध उतरतं आणि आपण दोष थंडीला देतो.

चारा गाय स्वतः पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले अब्जावधी जिवाणू, एकपेशीय जीव आणि बुरशी तो आंबवतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते आणि दूध देते. आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबणंच मंदावतं, म्हणून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. हा वायू मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. तो शेणावाटे जातो हा समज चुकीचा. चाऱ्यातली साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, हे गंभीर आहेच. पण हवेत गेलेली वैरण तुमच्या पैशाची होती, हे मला आधी सांगायचं आहे.

चारा जितका जून आणि काडीचा, तितका हायड्रोजन जास्त, मिथेनही जास्त. धान्याचा खुराक दिला की पोटात असं आम्ल बनतं, जे बनताना हायड्रोजन वापरला जातो, म्हणून मिथेन कमी होतो. पण म्हणून कुणी एकदम भरडा, म्हणजे भरडलेलं धान्य वाढवू नये. कोटीपोट आंबट होतं, गाय रवंथ सोडते, दुधाची फॅट पडते, पाय धरतात.

सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात वैरणीचा चौथा हिस्साच वाढे द्या, मग हळूहळू वाढवा, पण निम्म्याच्या पुढे नेऊ नका. कुट्टी करूनच घाला. वाढ्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून सोबत लसूणघास द्या आणि मोठ्या गायीला रोज किमान ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. बांधावर सुबाभूळ असेल तर तिचा पालाही चालेल, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच. त्यातलं मायमोसिन हे विषारी द्रव्य जास्त झालं तर केस गळतात.

मावळ, मुळशी, भोरला आता भाताचा पेंढा निघाला आहे. १०० किलो सुक्या पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. खायला घालण्याआधी पसरून वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नका, आणि युरियाचं पाणी जनावरांच्या तोंडाशी राहू देऊ नका, जीव जातो.

मिथेन कमी करणारी पूरकंही आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' तयार केलं आहे. तरी माझं मत, आधी गव्हाण नीट करा, पूरकाचा विचार नंतर.

दुपारी गायी निवांत बसल्या असताना मोजा. दहापैकी निदान पाच-सहा रवंथ करताना दिसायला हव्यात. कमी दिसल्या तर वाढे आणि भरडा दोन्ही आवरा, सुका कडबा वाढवा आणि दोन दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना बोलवा.