वळिवात घराचं नुकसान झालं तर कोणाला बोलवायचं? नाशिकला नवीन आलेल्यांसाठी

नाशिकची हवा चांगली म्हणून आपण सगळे इथे येतो, आणि ती आहेच चांगली. फक्त एप्रिल-मेमधल्या दुपारींबद्दल आधी कोणी सांगत नाही. चारपर्यंत रणरणतं ऊन, मग धुळीचा लोट, पाठोपाठ लाइट जाते आणि तडातडा गारा. मी मूळची रत्नागिरीकडची, त्यामुळे पावसाचं मला काय कौतुक, असं वाटायचं. पण कोकणातला पाऊस महिनोन्‌महिने घर भिजवत बसतो. इथला वळीव पंधरा मिनिटांत गच्चीवरचे पत्रे उचलून शेजाऱ्याच्या गाडीवर नेऊन ठेवतो आणि सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांचा चुरा करून निघून जातो.

पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव अशा कडेच्या वस्त्यांमध्ये नवीन रो-हाऊस घेतलेल्यांचे मला दरवर्षी फोन येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी कपाट उघडा. गृहकर्ज घेतलं असेल तर घराचा विमा बहुधा कर्जाबरोबरच उतरवलेला असतो, आणि निम्म्या लोकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. कर्जाच्या कागदांत पॉलिसी शोधा, नसेल तर बँकेकडे प्रत मागा. मात्र तो विमा घराचाच आहे ना, हे नीट बघा, कारण कर्जदाराच्या आयुष्याचा विमा वेगळा असतो. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर दाव्याची रक्कम बँकेमार्फत येऊ शकते, तेव्हा शाखेलाही कळवून ठेवा.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. वादळ, पूर, पाणी साचणं, वीज कोसळणं, घरावर झाड पडणं, हे सगळं तिच्यात येतं. कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, सोलर पॅनल हेही ‘घर’ या व्याख्येत बसतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. विमा रक्कम बाजारभावावर ठरत नाही. गंगापूर रोडचा फ्लॅट कोटीचा असला तरी जागेची किंमत बाजूला काढून बांधकामाचा खर्च तेवढा धरतात. आणि ती रक्कम चुकून कमी धरली गेली असली, तरी त्या प्रमाणात दावा कापायचा नाही, ही या पॉलिसीतली मला सगळ्यात आवडलेली सोय.

वादळाच्या संध्याकाळी माणूस पहिल्यांदा झाडू हातात घेतो. थांबा. आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. लांबून, जवळून, आणि जमलं तर गारा वितळायच्या आत. मग विमा कंपनीला कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. पाणी आत येत असेल तर ताडपत्री जरूर टाका, कारण पुढचं नुकसान टाळणं ही तुमचीच जबाबदारी असते. ताडपत्रीचं आणि मजुरीचं बिल तेवढं जपा. फाटलेले पत्रे मात्र भंगारवाल्याला देऊ नका. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. रस्त्यावरचं झाड पडलं असेल तर अग्निशमन दलाला किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा, त्याची नोंद पुढे कामाला येते. तलाठ्याचा पंचनामा झाला तर त्याची प्रत घ्या, पण सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका.

यानंतर सर्व्हेयर येतो, म्हणजे नुकसान तपासून त्याचा अंदाज बांधणारा माणूस. त्याच्याबद्दल लोकांचे दोन टोकाचे समज असतात. काहींना तो आपला माणूस वाटतो, काहींना वैरी. त्याच्याकडे आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा परवाना असतो, त्याला कंपनी नेमते आणि त्याची फीही कंपनीच देते. तुमच्याकडे कोणी सर्व्हेच्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका. २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायचा. या तारखा वहीत लिहून ठेवा आणि उशीर झाला की ईमेल करा. फोनवर ‘बघतो’ म्हणतात, त्याला पुरावा नसतो.

आता मुख्य गोष्ट. वादळ झालं की दोन-चार दिवसांत कॉलनीत कोणीतरी फिरू लागतो. ‘क्लेम काढून देतो, सगळं मी बघतो, आल्यावर पंधरा टक्के द्या.’ माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तो म्हणाला, मावशी, आमच्याकडे तर अशी माणसं असतातच, त्यांना ‘पब्लिक ॲडजस्टर’ म्हणतात. खरं आहे. तिथे घरमालकाच्या बाजूने दावा मांडणारा हा परवानाधारक व्यवसाय आहे आणि टेक्सासमध्ये त्यांच्या मेहनतान्याला दाव्याच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे घरमालकासाठी असा वेगळा परवानाच नाही. त्यामुळे दारात आलेल्या माणसाला कोरा फॉर्म, सही केलेला कागद किंवा ओटीपी देऊ नका. त्याने बिलं फुगवली तर खोट्या दाव्याचा ठपका तुमच्यावर येतो, त्याच्यावर नाही.

मग मदत घ्यायची कोणाची? माझं मत स्पष्ट आहे: पहिला खर्च सिव्हिल इंजिनिअरवर करा. घरगुती दाव्यात भांडण कायद्याचं कमी आणि कारणाचं जास्त असतं. वाऱ्याने गेलं, की आधीच कुजलेलं होतं? जुनी गळती, झीज आणि वॉटरप्रूफिंगचे दोष विम्यात येत नाहीत, आणि सर्व्हेयरची नजर बरोबर तिथेच जाते.

आमच्या शेजारच्या रो-हाऊसवर हे मी जवळून पाहिलं. सर्व्हेयरने खाली पडलेला एक जे-बोल्ट (पत्रा खालच्या लोखंडी चॅनलला धरून ठेवणारा आकडा) उचलला, अंगठ्याने गंज पुसला आणि म्हणाला, ‘मेंटेनन्स नाही.’ शेजाऱ्यांनी बोलावलेले इंजिनिअर शांतपणे पत्र्याकडे गेले. पत्रा बोल्टच्या भोकाभोवती फाटून वर मुडपला होता, आणि बहुतेक बोल्ट चॅनलला तसेच घट्ट होते. बोल्ट गंजून तुटला असता तर पत्र्याचं भोक शाबूत राहिलं असतं. इथे वाऱ्याने पत्रा खालून उचलला आणि तो बोल्टच्या डोक्यावरून फाटून निघाला. त्यांनी भोकाशेजारी टेप धरून फोटो काढले आणि सर्व्हेयरनेही ते स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतले. आवाज कोणीच चढवला नाही.

इंजिनिअरकडून दोन कागद घ्या. एक कारणांचा अहवाल आणि दुसरं बाबवार अंदाजपत्रक. ‘छत दुरुस्ती, ८५ हजार’ असं ठेकेदाराचं एका ओळीचं कोटेशन कापायला फार सोपं असतं. पत्र्याची जाडी, चौरस फूट, चॅनल किती फूट बदलायचे, मजुरी, ने-आण, असं वेगवेगळं लिहिलं की कापायचं तर प्रत्येक ओळीचं कारण द्यावं लागतं. दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीशी ताडून घेतले तर आणखी उत्तम. फी कामावर ठरवा, टक्क्यांवर नको. दुरुस्तीसाठीच्या आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीला दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवायला २ टक्क्यांपर्यंत ‘भारत गृह रक्षा’मध्ये जागा आहे, ते मागायला विसरू नका.

पॉलिसी ब्रोकरमार्फत घेतली असेल तर दाव्यात मदत करणं हे त्याचं कामच आहे, त्याला हक्काने कामाला लावा. एजंट चांगला असेल तर कागद पुढे सरकवतो. पण एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाचा. वकील सगळ्यात शेवटी.

रक्कम कमी मिळाली तर सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा आणि प्रत्येक वजावटीचं कारण विचारा. सर्व्हेयरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलं आहे. ‘पूर्ण आणि अंतिम’ अशा पावतीवर सही घेतली म्हणून पुढची दाद मागायचा हक्क जात नाही, हेही नियामकाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तरी सही करताना ‘हरकत राखून’ एवढं लिहाच.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आधी लिहायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीमधले वाद सोडवणारा अधिकारी. नाशिकसाठी त्याचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तिथे वकील चालत नाही, तुम्हालाच बोलायचं असतं, आणि तिथेच इंजिनिअरचा तो बाबवार कागद उपयोगी पडतो. लोकपालाकडे नको असेल तर जिल्हा ग्राहक आयोग नाशिकमध्येच आहे, मुदत दोन वर्षं. तिथे मात्र वकील घेतलात तर विमा दाव्यांचं काम केलेलाच घ्या, आणि त्याला पहिल्याच भेटीत पॉलिसी, फोटो, सर्व्हे अहवाल आणि ईमेल तारीखवार लावून द्या. त्याचा वेळ वाचतो आणि तुमची फीही.