सोलापूरच्या रानात अळंबी आणि स्लाइम मोल्ड कसे ओळखावेत

अळंबी पाहायला सह्याद्रीतच जावं लागतं, असं सोलापुरात बरेच जण धरून चालतात. पण कोरड्या मुलखातही बुरशी भरपूर असते. ती थोडेच दिवस बाहेर येते, एवढंच. म्हणून आधी दिवस साधायला शिका. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. दोन-तीन दिवस झड लागून गेली की लगेचच्या सकाळी, ऊन चढायच्या आत बाहेर पडा. विजापूर रोडवरचं सिद्धेश्वर वनविहार, हिप्परगा तलावाकडची झाडी, नाहीतर शेताच्या बांधावरची जुनी बाभळ आणि कडुलिंब, काहीही चालेल. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका.

सोबत दहापट भिंग, पट्टी, वही आणि कागदी पाकिटं घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजून सडते.

सुरुवात वाळक्या फांद्यांपासून करा. त्यांवर पांढुरके, लवदार, नखाएवढे पंखे दिसले तर उलटून पाहा. खालच्या पात्या कडेशी उभ्या चिरलेल्या असतील, तर ती शिझोफायलम कॉम्युन. ही बुरशी उन्हात आक्रसते आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडते, म्हणून आपल्या हवेत ती वर्षभर सापडते. खोडाच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, वरून लाखेसारखी चकचकीत तपकिरी फळी आली असेल, तर ती बहुधा गॅनोडर्मा. झाड जिवंत असेल, तर ते आतून कुजत असल्याची ही खूण आहे.

मग वारुळं पाहा. इथे दोन अळंब्यांत गल्लत होते. टर्मिटोमायसीसची छत्री नीट उघडते, मधोमध टोक असतं आणि देठ मुळासारखा खोल मातीत उतरतो. तो थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या मळ्यापर्यंत जातो. पोडॅक्सिसची लांबट, खवलेदार टोपी मात्र देठाला लपेटलेलीच राहते, उघडत नाही, आणि पिकल्यावर आत काळपट भुकटी होते.

प्रत्येक अळंबीचे तीन फोटो काढा: वरून, बाजूने आणि खालून. खालचा फोटो नसेल तर जाणकारालाही नाव सांगता येत नाही. ती कशावर उगवली आहे, माती, शेण, की कोणत्या झाडाचं लाकूड, हे तिथेच लिहा. घरी छत्री देठापासून तोडून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. हिरवळीवरच्या मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट आला, तर ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. दिसायला खाण्यालायक वाटते, पण खाल्ल्यावर जबर उलट्या-जुलाब होतात. फोटोवरून किंवा ॲपवरून ओळखलेली कोणतीही रानअळंबी खाऊ नका.

स्लाइम मोल्ड बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांचं नातं अमीबाशी आहे. कुजक्या पाल्यावर किंवा लाकडावर पिवळाधमक फेसाळ गोळा दिसला तर तो फुलिगो सेप्टिका असू शकतो. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, दोन-तीन तासांनी परत या. अजून ओला असेल तर त्याची कड सरकलेली दिसेल. तपकिरी, केसाएवढ्या बारीक देठांचा झुबका असेल तर स्टेमोनायटिस.

पण स्लाइम मोल्ड पाहायची सोलापूरकरांसाठी सगळ्यात भरवशाची पद्धत घरातली आहे, आणि ती भर उन्हाळ्यातही चालते. बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या सालीचे आपसूक सुटलेले चार-पाच तुकडे आणा. झाकणाच्या उथळ काचेच्या भांड्यात टिपकागद घालून त्यावर ते मांडा, बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर भरपूर ओता. दुसऱ्या दिवशी जादाचं पाणी काढून टाका आणि भांडं उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवा. पहिले पंधरा दिवस रोज, नंतर आठवड्यातून एकदा भिंगाने सालीच्या भेगा तपासा. टाचणीच्या डोक्याहूनही लहान, देठावरचे गोल दाणे आले की फोटो काढा. काहीच दिसलं नाही तरी भांडं दोन महिने राहू द्या, काही जाती उशिरा येतात.

दाणे आलेला तुकडा सावलीत पूर्ण वाळवा, रिकाम्या काडेपेटीच्या तळाशी डिंकाने चिकटवा आणि पेटीवर झाड, ठिकाण, तारीख लिहा. नाव लागेल तिथपर्यंतच लावा. जात (species) ठरत नसेल तर प्रजातीपाशी (genus) थांबलेली नोंदही उपयोगाची असते.