सिनाईचं वाळवंट आणि अकाबाचा समुद्र: खान्देशातून बेदुईनांकडे पाहुणे म्हणून जाताना

जळगाव-भुसावळचा माणूस वाळवंटाला निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आमले ऊन काय नवं शे का?’ सिनाईत फजिती होते ती बहुतेक याच वाक्यापायी. ४५ अंशांत आपण दुपारी घरात असतो, दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर. त्या उन्हात आपण डोंगर चढत नाही. शिवाय तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, निघताक्षणी वाळतो. सदरा ओला नाही म्हणजे पाणी कमी लागतंय असं वाटतं आणि दुपारी ३ वाजता डोकं ठणकायला लागतं. रात्री त्याच ठिकाणी स्वेटर आणि कानटोपी लागते, हे तर कुणाच्या मनातही नसतं.

इथे बोलतोय ते इजिप्तमधल्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण भागाबद्दल: सेंट कॅथरीन गावाभोवतीचे ग्रॅनाइटचे डोंगर, तिथून पूर्वेला उतरणाऱ्या वाद्या म्हणजे कोरड्या नद्यांच्या दऱ्या, आणि शेवटी अकाबाच्या आखातावरचे दहब आणि नुवैबा. उत्तर सिनाई पर्यटकांना बंद आहे, तिकडचा विचार करू नका. दक्षिणेतही तिकीट काढण्याआधी कैरोतल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा. इस्रायलची सीमा जवळ असल्याने परिस्थिती बदलू शकते.

काळ निवडायचा तो मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी त्यात नेमकी बसते. वसंतात मात्र ‘खमसीन’ नावाचा गरम, धुळीचा वारा एखाद-दोन दिवस सगळं बंद पाडू शकतो, म्हणून कार्यक्रमात एक मोकळा दिवस ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सेंट कॅथरीनला रात्री पाणी गोठतं, क्वचित बर्फही पडतं. गाव जवळपास १,६०० मीटरवर आहे. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस आधी सरकतो. त्या महिन्यात वाटाड्या दिवसभर उपाशी चालतो, तेव्हा लांब पल्ल्याची अपेक्षा धरू नका.

क्रम असा ठेवा: आधी डोंगर, मग वाद्या, शेवटी समुद्र. उलट केलंत तर समुद्रावर भाजलेल्या खांद्यांवर पिशवीचे पट्टे घासतात आणि मिठाच्या पाण्यात मऊ पडलेल्या टाचांना पहिल्याच दिवशी फोड येतात. एकूण ८ ते ९ दिवस हवेत. शर्म-अल-शेख विमानतळावरून सेंट कॅथरीन गाडीने साधारण ३ तास. कैरोहून बसने गेलात तर अख्खा दिवस मोडतो. पहिल्या दिवशी गावाजवळच्या बेदुईनांच्या, म्हणजे वाळवंटातल्या अरब टोळ्यांच्या, बागांपर्यंतच चाला. भिंती घातलेल्या या बागांत बदाम, जर्दाळू, डाळिंब असतं आणि पाणी विहिरीचं. दुसऱ्या दिवशी जबल मूसा (२,२८५ मीटर) किंवा जबल कॅथरीना. जबल कॅथरीना हा इजिप्तमधला सर्वांत उंच डोंगर, २,६०० मीटरहून उंच. तिसऱ्या दिवशी जीपने ऐन खुद्रा या खजुरीच्या हिरवळीकडे, ‘व्हाइट कॅनियन’ या पांढऱ्या खडकांच्या अरुंद दरीतून पायी खाली, आणि पुढे दोन-तीन दिवस वाद्यांतून चालत पूर्वेला. उरलेले दिवस किनाऱ्याचे.

जबल मूसावर सूर्योदय पाहायला मध्यरात्रीनंतर निघतात. शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्यांवर घाम फुटतो आणि माथ्यावर तासभर बसलं की तोच घाम गार पडतो. म्हणून चढताना जाकीट काढून ठेवा, माथ्यावर कोरडा बनियन बदला, मग जाकीट घाला. डोंगराखालचा सेंट कॅथरीनचा मठ सहाव्या शतकातला आहे. तो फक्त सकाळी थोडे तास उघडतो आणि शुक्रवारी-रविवारी बहुधा बंद असतो, वार बघून चढाई ठरवा.

यजमान कसा ठरवायचा, यावर सगळी सहल अवलंबून. सिनाईत प्रत्येक टोळीचा मुलूख ठरलेला आहे: सेंट कॅथरीनभोवती जबालिया, दहबकडे मुझैना, नुवैबाच्या उत्तरेला तराबीन. वाटाड्या त्या-त्या टोळीचा असावा लागतो आणि हद्द ओलांडली की तो बदलतो. २०१५ साली सुरू झालेली ‘सिनाई ट्रेल’ ही पायवाट याच रीतीवर उभी आहे. आधी २२० किलोमीटरची होती, आता ५५० किलोमीटर आणि आठ टोळ्या. तेव्हा ‘सगळीकडे आमचाच माणूस’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘ऐन खुद्रानंतर दुसरा वाटाड्या येईल’ असं सांगणारा बरा. भाव ठरवताना लेखी विचारा: वाटाड्या, उंट आणि उंटवाला, जेवण, पिण्याचं पाणी, जीप, पोलीस परवाना यातलं काय धरलं आहे? जास्तीत जास्त किती माणसं? कुणी आजारी पडलं तर जवळची गाडीवाट किती तासांवर? शेवटच्या प्रश्नाला लगेच उत्तर आलं नाही तर दुसरा यजमान शोधा. बक्षिशी ठरलेल्या दरात नसते, ती वेगळी आणि रोख. नुवैब्यात एटीएमवर भरवसा ठेवू नका, इजिप्शियन पौंडाच्या छोट्या नोटा आधीच जमवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शर्मला काही देशांच्या लोकांना फक्त सिनाईपुरता मोफत शिक्का मिळतो, त्यावर भारतीयांनी विसंबू नये. व्हिसा घरूनच घेऊन निघा. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. चालण्याचा परवाना, त्यांच्या भाषेत ‘तसरीह’, यजमान काढतो. त्यासाठी पासपोर्टची छायाप्रत आधी पाठवा आणि आणखी सहा-सात प्रती खिशात ठेवा, रस्त्यावरच्या नाक्यांवर मागतात. ड्रोन नेऊ नका, परवान्याशिवाय बंदी आहे. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. इजिप्तमध्ये तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. दुबईमार्गे जाणार असाल तर घरच्या काळ्या मसाल्यात खसखस आहे का ते आईला विचारा. अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ धरला जातो.

तयारी घराजवळच होते. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा केलेला माणूस जबल कॅथरीना सहज करेल. बाकीच्यांनी सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा लळिंगचा किल्ला, पाटणादेवीमागचा डोंगर किंवा तोरणमाळची वाट धरावी, पाठीवर ६ किलो घेऊन. शिवाय तापी किंवा गिरणेच्या पात्रात कोरड्या वाळूतून तासभर चालून बघा; पोटऱ्या कुठे दुखतात ते तिथेच कळतं. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण दुपारी पाय सुजतात, आणि निघण्याआधी त्यांत किमान ५० किलोमीटर चाला. मोजे सुती नकोत, ते ओल धरतात आणि फोड येतो. चपलेवर चालायचं नाही. तिथली बाभळीची जात आपल्या बाभळीचीच भावंडं आहे, काटा तळव्यातून आरपार येतो.

सामान चाकांच्या बॅगेत नको. उंटाच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं लागतं, त्यामुळे मऊ पिशवी, १० किलोच्या आत. अंगावरच्या लहान पिशवीत पाणी, टोपी, जाकीट, औषधं आणि विजेरी. अंधार पडायच्या आत सामानाचा उंट मुक्कामाला पोचेलच असं नाही, खिंडीत तो वेगळ्या वाटेने फिरून येतो.

चालण्याचा दिवस सूर्य उगवताच सुरू होतो, ११ च्या सुमारास सावलीला थांबतो आणि ३ नंतर पुन्हा उठतो. दिवसाला १२ ते १५ किलोमीटर पुरेत. प्यायला प्रत्येकी ४ ते ५ लिटर पाणी धरा आणि तहान लागायची वाट न बघता दर २० मिनिटांनी चार घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी पिण्यात मागे पडलात. नुसतं पाणीच ढोसलं तर शरीरातलं मीठ कमी होतं आणि मळमळतं. म्हणून दिवसातला एक लिटर साखर-मिठाचा करा: १ लिटर पाण्यात ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, सपाट मोजून. विहिरीचं पाणी यजमान बिनघोर पितो, तुम्ही क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

मुक्कामाची जागा वाटाड्या निवडतो, त्यात बोलायचं नाही. वादीच्या मऊ वाळूत झोपायचा मोह सगळ्यांना होतो. पण दूर डोंगरात पाऊस पडला की इकडे आभाळ निरभ्र असताना ‘सैल’ येतो, आपल्या ओढ्याला येणारा लोंढाच तो, फक्त पाणी जिरवायला माती नसल्याने जास्त वेगाने. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याचाच काळ. सकाळी बूट झटकून घाला; विंचवाचं तुम्हाला सांगायला नको.

उंटावर बसायचं असेल तर मागे रेलून बसा. तो आधी मागचे पाय उचलतो, माणूस पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तेच. तासाभराने उतरून चाला, नाहीतर मांड्या बधिर होतात.

खाण्यात खान्देशी माणसाला परकं फारसं वाटत नाही. ‘फराशीह’ ही पातळ पोळी पालथ्या लोखंडी घुमटावर भाजतात, खापरावरच्या मांड्याची आठवण येते, पुरण तेवढं नसतं. ‘लिब्बा’ म्हणजे निखारे बाजूला सारून गरम राखेत पुरलेली जाड भाकर. बट्टी भाजलेल्या हाताला तिचं गणित लगेच कळतं. सोबत मसूर, भात, टोमॅटो, पांढरं चीज. शाकाहारी लोकांनी एक गोष्ट ठरवतानाच स्पष्ट करावी: ‘बिदून लह्म’ म्हणजे मांस नको, पण एवढ्यावर डबाबंद ट्यूना मासा ताटात येतो, कारण मासा हा ‘लह्म’मध्ये धरत नाहीत. म्हणून ‘बिदून समक’ (मासा नको), ‘बिदून फिराख’ (कोंबडी नको) हेही सांगा आणि वेगळं पातेलं मागा. शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे न्या. तिखट तिथे मिळत नाही.

चहा गोड, त्यात पुदिन्याच्या जातीची ‘हबक’ नाहीतर ‘मरमरीया’. पहिला पेला नाकारू नका. कॉफीची छोटी कपी मात्र परत देताना हलकेच हलवावी लागते. नुसती पुढे केली तर ती पुन्हा भरते. सतरंजीवर बूट काढून, तळवे कुणाकडे न रोखता बसा. वडीलधाऱ्याला थोरल्या मुलाच्या नावामागे ‘अबू’ लावून हाक मारतात. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि विचारायचं ते आपल्यातल्या बाईने. हिरव्या बाभळीची फांदी सरपणाला तोडू नका, ती त्यांच्या शेळ्यांचा चारा आहे.

किनाऱ्यावर ‘हुशा’ मिळते: झावळ्यांची झोपडी, खाली चटई आणि गादी. वीज बहुधा सौर आणि ठरावीक तास, अंघोळीचं पाणी मचूळ. समोर सौदी अरेबियाचे डोंगर. दहबजवळच्या रास अबू गलूमला ‘ब्लू होल’ या समुद्रातल्या खोल विवरापासून किनाऱ्याने चालत दीड-दोन तास लागतात, होडीही जाते.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी खास: हा समुद्र खारट असल्याने अंग सहज तरंगतं, पण प्रवाळाची कड संपली की तळ एकदम नाहीसा होतो आणि वारा जमिनीवरून आत ढकलू लागला की परतणं अवघड. जीवरक्षक जाकीट घाला, वाऱ्याच्या दिवशी उतरू नका, आणि वाळूच्या खिंडारातून किंवा धक्क्यावरूनच पाण्यात शिरा. प्रवाळावर उभं राहिलं की ते मरतं. शिवाय तिथेच दगडासारखा दिसणारा स्टोनफिश बसलेला असतो. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय किमान अर्धा तास बुडवून ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. जाड तळाचे पाण्यातले बूट यासाठीच. साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस भिजला की जड होऊन पायांत गुंडाळतो. बायकांनी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा कृत्रिम धाग्याचा पोशाख इथूनच न्यावा. त्याने पाठही भाजत नाही.

हवेची टाकी लावून बुडी मारणार असाल तर शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा, २४ असतील तर उत्तम. आणि परतीच्या पिशवीत किनाऱ्यावरचे शंख-पोवळी ठेवू नका. मेलेली असोत, वाळूत सापडलेली असोत, देशाबाहेर नेणं बेकायदा आहे आणि विमानतळावर पिशवी उघडली तर दंड होतो.