जपानी येत नसताना 'ओतोमि-सान' कसं ऐकावं

एन्का, म्हणजे जुन्या वळणाची जपानी भावगीतं, म्हटलं की साके (तांदळाची दारू), पाऊस, बंदर आणि ताटातूट! बरीचशी गाणी खरंच तशी आहेत, म्हणूनच सुरुवात त्यांच्यापासून करू नका. कासुगा हाचिरोनं १९५४ साली गायलेलं 'ओतोमि-सान' लावा. नावाचा अर्थ साधारण 'तोमीबाई'. (तेव्हा याला कुणी एन्का म्हणत नव्हतं. आजच्या अर्थाने ते नाव १९७० च्या आसपास रुळलं.)

पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागे लागायचं नाही. कडव्याच्या शेवटी 'एऽसाओऽ, गेन्यादाना' अशी आरोळी येते, तेवढी पकडा. पोवाड्यात 'जी रं जी' म्हणणाऱ्या श्रोत्याला तरी कुठे सगळा पोवाडा पाठ असतो?

दुसऱ्या खेपेआधी गोष्ट माहीत करून घ्या, खरी गंमत तिच्यातच आहे. ती १८५३ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, रंगमंचावर आलेल्या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीच्या, नाटकातली. व्यापाऱ्याच्या घरातला देखणा योसाबुरो किसाराझू या बंदरगावी एका गुंडाने ठेवलेल्या ओतोमीच्या प्रेमात पडतो. प्रकरण उघडकीला येतं, त्याच्या अंगावर चौतीस वार होतात आणि ती समुद्रात उडी घेते. तीन वर्षांनी, व्रणांनी भरलेला हा पठ्ठ्या पैसे उकळायला एदोतल्या गेन्यादाना या वस्तीतल्या एका घरात शिरतो, तर समोर तीच! गाणं इथे सुरू होतं: अगं, तू तर मेली होतीस ना?

सुरुवातीला काळं कुंपण आणि त्यावरून डोकावणारा पाइन येतो. जपानी श्रोता तेवढ्यावरून ओळखतो, की ही कुणा पैसेवाल्याने ठेवलेल्या बाईची जागा. पुढे 'ओशाकासामा' हा शब्द कानावर येईल. ते आपले शाक्यमुनी बुद्ध! ती जिवंत आहे हे बुद्धालाही कळलं नसतं, असा टोमणा. शिवाय जपानीत 'होतोके' म्हणजे बुद्ध, आणि मेलेला माणूसही. गाण्यात हा शब्द लगेच पुढे येतो, मग कोटी दुहेरी होते. एवढ्या रक्तबंबाळ गोष्टीला इतकी उडती चाल!

तिसऱ्यांदा फक्त गळा ऐका. सूर लांबवताना आवाज बारीक वळसे घेतो, त्याला 'कोबुशी' म्हणतात. आपल्या मुरकीची जपानी मावसबहीण समजा. पेटी असेल तर स्वरही शोधा. एन्कात मध्यम आणि निषाद वगळलेली सप्तकं फार चालतात. त्यातलं एक म्हणजे थेट आपल्या भूपाचे स्वर, दुसऱ्यात गंधार-धैवत कोमल.

चाल तोंडात बसली, की कराओकेवर गाऊन बघा. कोबुशी जमली नाही तरी आरोळी मात्र दणकून द्या. मग एबोनी वेब या अमेरिकी बँडनं सत्तरच्या दशकात केलेलं याच गाण्याचं डिस्को रूप शोधा. तोमीबाई तिथेही जिवंत सापडते.